पूर्णपणे सहमत

माझ्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या खणात माझ्या पीएच.डी.च्या दोनशे प्रश्नावल्या आहेत, बाजाराच्या जुन्या कापडी पिशवीत कोंबलेल्या. पावसाळ्यात त्यांना कुबट वास येतो. मे महिन्यात मी त्या गच्चीवर उन्हात टाकते. शेजारच्या गच्चीवर आंब्याची साटं आणि कोकमं वाळत असतात, आमच्या गच्चीवर प्रश्नावल्या. नवरा दर वर्षी विचारतो, “हे अजून टाकूक नाय तू?” मी काही बोलत नाही.

प्रत्येक प्रश्नावलीत चाळीस विधानं आहेत आणि प्रत्येक विधानापुढे पाच रकाने: पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत. माणसाच्या मनाचा कल मोजायची ही युक्ती रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली. शिक्षणशास्त्रात एम.एड. किंवा पीएच.डी. केलेला मराठी माणूस या पाच रकान्यांतून गेला नाही असं सहसा होत नाही. माझ्या दोनशे प्रश्नावल्यांत पहिल्या रकान्यात खुणांची दाटी आहे. शेवटचे दोन रकाने ओहोटीच्या वेळच्या किनाऱ्यासारखे मोकळे.

मी पीएच.डी.ला नोंदणी केली २०१७ साली. बी.एड. कॉलेजात शिकवत होते, चाळिशी जवळ आली होती. ज्ञानाची ओढ वगैरे मुलाखतीत सांगितलं, पण खरं कारण नावापुढचं ‘डॉ.’ आणि वेतनश्रेणीतली पुढची पायरी. यात मला आता लाज वाटत नाही. बरेच जण याच दाराने आत येतात. आत आल्यावर पुढे काय होतं, हा खरा प्रश्न.

विषय ठरला तो असा: ‘मालवण तालुक्यातील मच्छीमार पालकांच्या शिक्षणविषयक अभिवृत्तीचा विद्यार्थ्यांच्या उपस्थितीशी असलेल्या संबंधाचा चिकित्सक अभ्यास’. अभिवृत्ती म्हणजे मनाचा कल. आणि हे ‘चिकित्सक अभ्यास’ आमच्याकडे आमटीत कोकम घालतात तसं शीर्षकाच्या शेवटी पडतंच. चिकित्सा आत असो वा नसो.

विषयाच्या पोटात एक गृहीत होतं. किनाऱ्यावरची मुलं शाळा बुडवतात, कारण आईबापांना शाळेची किंमत नाही. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ते हवेत होतं, स्टाफरूममध्ये होतं, आणि मी मूळची कणकवलीची असल्यामुळे माझ्यातही होतं. आम्हा वरच्या अंगाच्या लोकांचा समुद्राशी संबंध सुट्टीपुरता आणि ताटातल्या बांगड्यापुरता. तालुका बदलला की माणसं कळेनाशी होतात, हे एका जिल्ह्यात राहूनही मला ठाऊक नव्हतं.

कोर्सवर्क झालं. संबंधित साहित्याचा आढावा सुरू झाला. भारतात शिक्षणशास्त्रातली पहिली पीएच.डी. मुंबई विद्यापीठाने १९४३ साली दिली. त्यानंतरच्या तीसेक वर्षांतल्या देशभरच्या संशोधनाचे सारांश बडोद्याच्या एम. बी. बुच यांनी गोळा केले आणि १९७४ साली त्याचा पहिला खंड निघाला. आमच्या पिढीपर्यंत एम.एड.चे विद्यार्थी ‘बुच बघितलास काय?’ असंच विचारायचे. आता ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरचे प्रबंध घरबसल्या उघडतात. मी रात्री स्वयंपाकघर आवरलं की बसायची. शंभरेक प्रबंधांवर नजर टाकली असेल. त्यांची पाच प्रकरणं एका साच्यातली होती, आणि बहुतेकांच्या शेवटी शिफारस होती, ‘पालकांमध्ये जाणीवजागृती करावी’. मीही वहीत लिहून ठेवलं: जाणीवजागृती. क्षेत्रात पाऊल टाकण्याआधी माझी शिफारस तयार होती.

प्रश्नावली पाच तज्ज्ञांनी तपासून दिली. गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकसभा बोलावली. सगळे पडवीत बसले, वर महापुरुषांच्या तसबिरी, समोर मी. बाजार आटोपून आलेल्या बायकांच्या टोपल्या फाटकाशी ओळीने ठेवलेल्या. ज्यांना वाचणं जड जात होतं त्यांना गुरुजींनी विधानं मोठ्याने वाचून दाखवली. तासाभरात साठ फॉर्म भरून झाले. एकीने फॉर्म हातात देताना विचारलं, “बरोबर असा मा, बाई?” मी म्हटलं, यात बरोबर-चूक काही नसतं. ती हसली. परीक्षा घेणारा माणूस असंच म्हणतो, हे तिला माहीत होतं.

त्याच पद्धतीने आणखी दोन गावं केली. घरी येऊन फॉर्म उलगडले. एकावर तारलीचा खवला चिकटला होता, नखाएवढा, वाळून काचेसारखा झालेला. त्या फॉर्ममधलं सातवं विधान: ‘मुलांनी रोज शाळेत गेले पाहिजे.’ पूर्णपणे सहमत. तेविसावं विधान: ‘मासेमारी करणाऱ्या घरातील मुलाला फार शिकून उपयोग नाही.’ पूर्णपणे सहमत.

तेविसावं विधान मुद्दामच उलटं घातलं होतं. अशी आठ विधानं होती, माणूस वाचून खूण करतोय की नुसता रकाना भरतोय ते कळावं म्हणून. मी पुढचा फॉर्म बघितला, मग त्याच्या पुढचा. सगळीकडे तेच.

संख्याशास्त्राचं काम करून देणारा एक मुलगा होता. आमच्याकडचे बरेच प्रबंध त्याच्या लॅपटॉपमधून जायचे. त्याने क्रोनबॅक अल्फा काढला. क्रोनबॅक यांनी १९५१ साली मांडलेला हा आकडा तुमची चाचणी आतून कितपत सुसंगत आहे ते सांगतो. साधारण ०.७ च्या वर असला की लोक सुटकेचा श्वास टाकतात. माझा त्याच्या जवळपासही नव्हता. मुलगा म्हणाला, “मॅडम, ती आठ निगेटिव्ह स्टेटमेंट्स काढून टाका. बत्तीसवर चालवतो. बघा कसा येतो.” त्याने चालवलं. आकडा असा वर उडाला की मला चहा पाजावासा वाटला.

का उडाला, ते मला बऱ्याच उशिरा समजलं. काही लोकांनी सगळीकडे पहिल्या रकान्यात खूण केली होती, काहींनी सगळीकडे दुसऱ्या. माणूस एकाच रकान्याला धरून राहिला की अल्फा खूश होतो. तो खरं बोलतोय का, हे अल्फाला विचारायचंच नसतं. विश्वसनीयता आणि सत्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी वर्गात फळ्यावर लिहून कितीतरी वर्षं शिकवत आले होते.

तो चकचकीत तक्ता घेऊन मी कोकणकन्याने निघाले. माझे गाइड मुंबईला. म्हणजे रात्रभर गाडी, पहाटे दादर, स्टेशनवर तोंड धुवायचं आणि दहाला सरांच्या दारात. कोकणातल्या माणसाने शिकण्यासाठी वाट तुडवायची हे नवीन नाही. मुरुडचे धोंडो केशव कर्वे पोरवयात परीक्षेसाठी घाट चढून चालत साताऱ्याला गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना तिथून परत पाठवलं. माझ्याकडे निदान बर्थ होती. आणि मला परत पाठवलं जाईल असं अजिबात वाटत नव्हतं.

सरांनी तक्ता बघितला, मग मूळ फॉर्म मागितले. दहा-बारा चाळले आणि विचारलं, “हे सगळे सहमत आहेत?”

“हो सर.”

“मग पोरं कुठे आहेत?”

मी गप्प.

“आणि ती आठ विधानं कुठे गेली?”

मी अल्फाबद्दल सांगितलं. ते रागावले नाहीत, हेच वाईट झालं. म्हणाले, “तुमच्या सगळ्या डेटात खरं बोलणारी तेवढीच आठ विधानं होती. ती सांगत होती की या माणसांनी तुम्हाला उत्तर दिलेलंच नाही. त्यांनी तुमचा मान राखला.”

होकाराकडे झुकणारा प्रतिसाद, असं त्याला पुस्तकात म्हणतात. मला ते पाठ होतं. पण शाळेच्या पडवीत, गुरुजींच्या देखत, मास्तरीणबाईने दिलेल्या कागदावर ‘असहमत’ लिहायची सोय आपण कोणाला कधी ठेवली, हे माझ्या मनात आलंच नव्हतं. त्या लोकांनाच कशाला, मलाही ती सोय नव्हती. बालवाडीपासून एम.एड.पर्यंत मी पहिल्या रकान्यात खुणा करतच आले होते. सरांच्या घरातही दोन वर्षं तेच चाललं होतं. ते बोलायचे, मी लिहून घ्यायची.

सरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, तीन महिने कोणाला काही विचारायचं नाही, फक्त किनाऱ्यावर जायचं. दोन, वही घालायची. डाव्या पानावर दिसलं ते, उजव्या पानावर वाटलं ते. “आठवड्याने उघडा, आणि डाव्या पानावर उजव्या पानातलं काय काय घुसलंय ते लाल पेनाने खोडा.” पहिल्या आठवड्याचं डावं पान जवळजवळ लाल झालं. ‘मुलगा निरुद्देश फिरत होता.’ निरुद्देश हे मला कुठून दिसलं?

नोकरी सांभाळून पीएच.डी. करणाऱ्याच्या हातात रविवार तेवढा असतो. पण समुद्राला रविवार कळत नाही. तीन रविवार मी नुसती वाळूत बसून परत आले. संशोधनाच्या नावाखाली उन्हाने नाक सोलवटून घेतलं. चौथ्या खेपेला, मंगळवारी, रजा टाकून गेले होते तेव्हा रापण लागली.

रापण ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. कोणीतरी पाण्यावरचा काळपट पट्टा हेरतो, म्हणजे माशांचा थवा. हाकाटी होते. होडी जाळं घेऊन आत जाते आणि अर्धगोल सोडत परत किनाऱ्याला लागते. जाळ्याची दोन टोकं दोन बाजूंना, आणि दोन्हीकडे दोर धरून माणसांच्या रांगा. मग दोनेक तास ओढायचं, सगळ्यांनी मिळून पाय वाळूत रुतवून, एका ठेक्यात. दोन्ही रांगा सरकत सरकत जवळ येतात आणि शेवटी जाळ्याचा खोळ वाळूवर येतो, आत तारली नाहीतर बांगडा उसळत असतो. मग वाटे. दोराला हात लावणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक बोटी आल्यापासून रापणीत पूर्वीसारखं काही मिळत नाही, पण ती अजून लागते.

त्या मंगळवारी उजव्या रांगेच्या शेपटाला मला सात मुलं दिसली. दोघांच्या अंगात शाळेचा शर्ट होता. शाळा तिथून दोन मिनिटांवर. घंटा मला ऐकू आली होती, म्हणजे त्यांनाही आली असणार.

यानंतरचं काम कोणत्याही संशोधन पद्धतीच्या पुस्तकात जसंच्या तसं सापडणार नाही. शाळेचा हजेरीपट माझ्या उपयोगाचा नव्हता, तो फारच सुंदर भरलेला होता. पण एका वर्गशिक्षिकेने स्वतःसाठी एक डायरी ठेवली होती. कोणता धडा कोणाचा बुडाला ते तिच्या ध्यानात राहावं म्हणून. दुसरीकडे, रापणीचा हिशेब ठेवणाऱ्या एका आजोबांकडे वही होती, बाराखडीच्या दुरेघी वहीसारखी. त्यात तारीख, मासळी, आलेले पैसे आणि वाटेकरी. मुलांच्या नावापुढे ‘अर्धो’. ती वही मला दाखवायला त्यांनी पाच महिने घेतले. माझे फॉर्म मी तासाभरात भरून घेतले होते.

डायरी आणि वही शेजारी ठेवून मी २०१८-१९चं वर्ष तारखेतारखेने जुळवलं. शिक्षकांच्या बोलण्यात असतं की पावसाळ्यात पोरं येत नाहीत. इथे उलटं होतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, समुद्र खवळलेला, त्या काळात वर्ग भरलेला असायचा. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र निवला, की गळती सुरू. आणि ती घराघराप्रमाणे नव्हती. पालकांना शाळेची किंमत नसती तर अमुक घरची मुलं बुडवतात, तमुक घरची नाही, असं दिसलं असतं. इथे वाडीच्या वाडी एकाच दिवशी गैरहजर आणि दुसऱ्या दिवशी सगळी हजर. माझ्या शीर्षकातली ‘अभिवृत्ती’ त्या रात्री, दीड वाजता, जेवणाच्या टेबलावर मेली.

मला आनंद झाला म्हणायला हवं, पण आधी धडकीच भरली. दोन वर्षं वाया, शीर्षक बदलायचं, समितीपुढे पुन्हा जायचं.

पुढचं भराभर सांगते, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. शीर्षक बदललं. २०२० साली टाळेबंदी आली, शाळाच बंद, मुलं रोज दोराला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६च्या नियमाप्रमाणे प्रबंध जमा करण्याआधी एक शोधनिबंध छापून यायला हवा होता. एका नियतकालिकाने पैसे घेतले आणि चार दिवसांत छापला, कोणी वाचल्याची खूण नाही. तो निबंध मी आजही कोणाला दाखवत नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये प्रबंध जमा केला आणि नोव्हेंबरमध्ये नवे नियम आले, त्यात छापण्याची ती अटच काढून टाकली होती. नवरा म्हणाला, आमचां नशीब.

लिहितानाची एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मराठी प्रबंधात ‘मी’ नसतो. ‘संशोधिकेने भेट दिली’, ‘संशोधिकेस आढळून आले’. वर्षभर मी स्वतःला अशी तिऱ्हाइतासारखी हाक मारत होते. आणि पहिल्या प्रकरणात व्याप्ती, मर्यादा, परिमर्यादा असा एक भाग असतो. आपल्या हाताबाहेरची ती मर्यादा, आपण आखून घेतलेली ती परिमर्यादा. तिथे सगळे लिहितात वेळ, पैसा, तालुका, इयत्ता. मी एक जादा ओळ घातली: ‘संशोधिका शिक्षिका असल्याने व माहिती शाळेच्या आवारात घेतल्याने पहिल्या दोनशे प्रश्नावल्यांतील सहमती ग्राह्य धरलेली नाही.’

सर म्हणाले, ही ओळ काढा. त्या प्रश्नावल्यांचा उल्लेखच नको, परीक्षक त्याच्यावरच बसेल.

मी म्हटलं, “नाही सर. ती राहू दे. आणि त्याच्यावर एक प्रकरण पण हवं.”

पाच वर्षांत त्यांना दिलेला हा माझा पहिला नकार. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, “ठेवा. बचाव तुम्ही करायचा.”

परीक्षक खरोखरच त्याच्यावर बसले. खुल्या मौखिक परीक्षेत अर्धा वेळ त्या ओळीवर गेला. शेवटी त्यांनी विचारलं, हे निष्कर्ष रत्नागिरीला, रायगडला लावता येतील का? मी म्हटलं, नाही. मागे बसलेल्या माझ्या भावाला वाटलं, झालं, नापास. मग टाळ्या झाल्या, समोसे झाले.

आता मी बी.एड.च्या मुलांचं कृतिसंशोधन तपासते. दर वर्षी गठ्ठा येतो. पूर्वचाचणी, उपक्रम, उत्तरचाचणी, सुधारणा झाली. शुद्धलेखन सुधारलं, पाढे सुधारले, हस्ताक्षर सुधारलं. इतक्या वर्षांत एकही उपक्रम फसलेला माझ्या टेबलावर आलेला नव्हता. हे सगळं खरं असतं तर महाराष्ट्रात एक मूल मागे राहिलं नसतं. गेल्या दोन वर्षांपासून मी एक पान जादा मागते: काय झालं नाही ते लिहा. पहिल्या वर्षी बहुतेकांनी ते कोरं दिलं. एकीने लिहिलं, ‘सर्व झाले.’ एकाने मात्र लिहिलं, की मुलांनी उत्तरचाचणीची उत्तरं पाठ केली होती कारण मीच ती आदल्या दिवशी सांगितली. त्याला मी सगळ्यात जास्त गुण दिले, त्यावरून स्टाफरूममध्ये थोडी कुरबुर झाली. होऊ दे.

मौखिकी झाल्यावर पेढे घेऊन मी त्या गावी गेले होते. फॉर्मवर खवला चिकटला होता ती बाई कोण, हे मला कधीच कळलं नाही, पण तिथल्या एका काकीकडे मी सगळ्यात आधी गेले. किनाऱ्यावर बसायला लागले तेव्हा मला पहिलं पाणी तिने दिलं होतं. ती अंगणात विळीवर मासे कापत होती. मुलगा तिचा सातवीतून दहावीत गेला होता.

“झाला मा तुमचां?” तिने विचारलं. “काय गावला मगे?”

मी जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. की आईबापांचा दोष नाही. मुलं रापणीच्या दिवशी शाळा बुडवतात, कारण त्यांना वाटा मिळतो, घराला तेवढाच आधार. ज्यांची स्वतःची होडी नाही, त्यांना जास्त. शेवटच्या प्रकरणात निष्कर्ष क्रमांक तीन.

काकीने बांगड्याचं डोकं बाजूला सारलं आणि मान हलवली.

“नाय ओ बाई. तां वाट्यासाठी नाय. वाटो कितको, चार बांगडे. झील आज दोराक लागलो नाय, तर उद्या रापणीत तेका घेतलो कोण? थंय पण हजेरी लागता.”

मी पर्समध्ये वही शोधायला लागले. पेन सापडेना. ती आत हाक मारून कोणाला तरी कप धुवायला सांगत होती.

“मागीर लिवा,” ती म्हणाली. “आदी च्या घेवा.”